महिला क्रमांक चार

१. पान सत्तेचाळीस

माहिती ही पवित्र ठेव असते, आणि ती देणाऱ्याचं नाव त्याहून पवित्र असतं, असं आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्राच्या दाराशी संगमरवरात कोरलेलं आहे. दाराला कडी नाही. ती बसवण्याचा प्रस्ताव संगमरवराच्याही आधीचा आहे.

तरीही या केंद्रातून काही चोरीला गेलं असं म्हणायची वेळ कधी आली नव्हती, कारण चोरण्यासारखं तिथं काही नव्हतं. यंदा पोळा झाला आणि ती वेळ आली.

मंगरूळपीरपासून आत असलेल्या वरच्या तांड्यावर मुकादम वीरेंद्र आडे मोटारसायकलवरून उतरला. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास तांड्यावरच्या जोड्या ऊसतोडीला नेणारा हाच. त्याच्या हातात पुस्तक होतं. मुकादमाच्या हातात पुस्तक, हे पाहूनच माणसं गोळा झाली. त्यानं पान सत्तेचाळीस काढलं आणि मोठ्यानं वाचलं:

"महिला क्रमांक चार. मोळी वाहता वाहता फडातच माह्यं पोट पडलं. बायांनी ट्रकच्या आड निजवलं. संध्याकाळी मुकादमानं त्या दिवसाचा खाडा लावला."

खाडा म्हणजे गैरहजेरी. ती मजुरीतून कापतात. हंगामात असे खाडे इतक्या बायांना लागतात, की नुसतं वाचून त्यातली बाई कोण हे लावणाऱ्या मुकादमालाही सांगता येऊ नये.

मुकादमानं पुस्तक मिटलं आणि समोर बसलेल्या हिरीबाई राठोडकडे पाहिलं. "हे तू बोलली, हिरीबाई."

तिचा नवरा रामधन उभा राहिला आणि परत बसला.

मुकादमानं खिशातून स्टॅम्पपेपर काढला. "दसऱ्याच्या आत याच्यावर लिहून दे, का हे मी बोललीच नाही. नाही तं यंदा तुमचा कोयता माह्या टोळीत नाही. आन दुसरा कोन मुकादम घेते ते मी पाह्यतो."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात.

आता अडचण अशी, की 'स्थलांतरित श्रमिक स्त्री: एक अवलोकन' या पुस्तकात हिरीबाईचं नाव नव्हतं. तांड्याचं नव्हतं. तालुक्याचंही नव्हतं. सात बायका बोलल्या होत्या आणि त्या सातही जणींचे क्रमांक केले होते. कोणता क्रमांक कोणाचा, हे जगात एकाच संगणकाला ठाऊक होतं.

मग मुकादमाला कोणी सांगितलं?

२. व्यवहार्य तोडगा

महाविद्यालयाला एक संशोधन-नीती समिती आहे. तिच्यात बाहेरची एक कायदा जाणणारी व्यक्ती असावी असा नियम आहे, म्हणून वाशीमच्या कोर्टात वकिली आणि नोटरी करणाऱ्या वर्षाराणी भोयर तिच्यात होत्या. समितीनं आजवर एकही प्रकल्प नाकारला नव्हता आणि एकही वाचला नव्हता. बैठकीत कचोरी चांगली असे.

हिरीबाई फाट्यापर्यंत चालत जाऊन एसटीनं वाशीमला आली आणि कोर्टाच्या आवारात त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"वकीलबाई, तुमचं नाव त्या पुस्तकात हाय. समितीत. म्हून तुमच्यापाशी आली. मले तिथच्या पोरानं सांगतलं होतं, नाव कोनाले कळनार नाही. मंग कळलं कसं?"

वर्षाराणींनी रांगेतल्या पक्षकारांना परवा यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या प्रकल्पप्रमुख डॉ. जगदेव काळबांडे यांच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. भिंतीवर प्रकाशन सोहळ्याचा फोटो ताजा लागला होता. आमच्याकडे सत्कार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. त्या दिवशी प्राचार्य, पाहुणे, तांड्यावरच्या सहकार्य करणाऱ्या भगिनी, मंडपवाला आणि वीज जाऊ न दिल्याबद्दल वायरमन, एवढ्यांना शाल आणि नारळ मिळाला होता.

"दणक्यात झालं की नाही?" काळबांडे म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात."

"हिरीबाईचं काय करायचं, सर?"

"व्यवहार्य तोडगा काढायचा. ती 'मी बोलले नाही' असं लिहून देते, मुकादम शांत होतो, विषय मिटतो. नोटरी तर तुम्हीच आहात."

"ती बोललीच नाही असं तिनं लिहून दिलं, तर पान सत्तेचाळीस तुम्ही मनानं रचलं असा अर्थ होतो."

"असं कसं? आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे."

"ऐकवा मग मुकादमाला."

"गोपनीय आहे ना ते!"

"म्हणजे ती बोलली हे तुम्ही सिद्ध केलं तर वचन मोडलं, आणि नाही केलं तर पुस्तक खोटं. कोणतं हवंय?"

काळबांडे यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांना तिसरा मार्ग सुचला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मॅडम, चोर घरातलाच आहे. संगणकावर बसतो तो बबलू. त्याचा साडू याच मुकादमाच्या टोळीत असतो."

३. भिंतीला माहीत असलेली गोष्ट

बबलू त्या संगणकासमोर बसून कोणाचा तरी उत्पन्नाचा दाखला भरत होता.

"फाइलचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?" वर्षाराणींनी विचारलं.

"मले, सरले, ऋषिकेश सरले." बबलूनं मान वर केली. "आन भिंतीले."

पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता.

"भिंतीवर कशाला?"

"सर विसरतात ना! दर वेळी मले घरून उठवून आनत. म्हून लावून टाकला."

"तुझा साडू मुकादमाच्या टोळीत आहे म्हणे."

"होता. वीरेंद्रसंगं भांडून निंगाला तो. त्यानं साडूचं वाटोळं केलं आन मी त्याच्यासाठी फाइल चोरू? एवढा साधू मी दिसतो का, मॅडम?" त्यानं खुर्ची जवळ ओढली. "तुमी ऋषिकेश सरले इचारा. वीरेंद्रच्याच गाडीवर मांगं बसून जात होते तांड्यावर. दर वेळी."

ऋषिकेश वाचनालयात सापडला. सडपातळ, चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. दोन वर्षं तांड्यावर जाऊन साऱ्या मुलाखती त्यानंच घेतल्या होत्या, त्यानंच त्या ऐकून उतरवल्या होत्या. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र डॉ. जगदेव काळबांडे होते, एकटे.

"पुस्तकात तुझं नाव कुठं आहे?" वर्षाराणींनी विचारलं.

"ऋणनिर्देशात. मंडपवाल्याच्या खाली."

"आणि लेखन?"

"प्रस्तावनेची शेवटची चार वाक्यं सरांची आहेत."

"त्यांचं नाक कापलं गेलं तर तुला वाईट वाटेल?"

ऋषिकेशनं चष्मा काढून पुसला. "मॅडम, खरं सांगू? पेढे वाटीन. पण त्यासाठी हिरीमावशीला बळी देईन असा मी नाही. मुकादमाच्या गाडीवर बसायचो, कारण तांड्यावर एसटी जात नाही. त्यानं दहादा विचारलं, कोण काय बोलली. मी त्याला पाऊसपाण्याचं सांगायचो. चौथा नंबर कोणाचा, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईशपथ."

वर्षाराणींनी आयुष्यभर कोर्टात शपथा ऐकल्या होत्या. हा पोरगा खोटं बोलत नव्हता, एवढं त्यांना दिसलं. आणि तो खरं बोलतोय असंही त्यांना म्हणवेना.

४. तांड्यावर कोणाचा मान पहिला

वरच्या तांड्यावर हिरीबाईच्या ओसरीत त्यांना खाटेवर बसवलं. खाटेवर अंथरलेली शाल महाविद्यालयाची होती. हिरीबाई सोयाबीनच्या रानातून येऊन हातपाय धुवत होती.

"सही करणार का?" वर्षाराणींनी विचारलं.

"रामधन म्हनते कर. सासू म्हनते कर. सारा तांडा म्हनते कर." तिनं पदराला हात पुसले. "तुमी सांगा. पोट पडलं ते माह्यं. आन मीच लिहू का पडलं नाही?"

तेवढ्यात शेजारची तुळसाबाई आली. ती बोलतच आली.

"वकीलबाई आल्या म्हने! बाई, माह्यी बी तक्रार घ्या. तो वीरेंद्र मले बी बोलून गेला. म्हने तू सहा नंबर, तू ट्रॉली उलटल्याचं सांगतलं. अवो, मी ट्रॉलीचं बोललीच नाही!"

"मग काय बोललात?"

"पान्याचं! डबक्यातलं पानी पेऊन लेकरं आजारी पडली ते."

वर्षाराणींनी पुस्तक उघडलं. पाण्याचं बोलणं महिला क्रमांक सातचं होतं. "ट्रॉलीचं मग कोण बोललं?"

हिरीबाई आणि तुळसाबाईनं एकमेकींकडे पाहिलं. तुळसाबाई आवाज दाबून म्हणाली, "शीला. पन तिचं नाव नका घेऊ बाई, तिचा सासरा वीरेंद्रचा दोस्त हाय. तिले ठाऊकच नाही का ते छापून आलं. तवा ते मलेरियानं पडून होती, दवाखान्यात."

"केव्हा?"

"पुस्तकाच्या कार्यक्रमाले. आमी साऱ्या गेलो, ते नाही आली."

वर्षाराणींनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मुकादमाला चौथी बरोबर माहीत होती आणि सहावी चुकीची. ज्यानं फाइल पाहिली त्याची सहावी चुकायला नको. फाइलमध्ये सहावी शीलाच होती.

जाताना त्या नायकाच्या घरी थांबल्या. तांड्याचा नायक म्हणजे तिथला वंशपरंपरागत पुढारी. त्याची बायको रामीबाई याही सात जणींत होत्या, पण साऱ्या घोळात त्या एकदाही फिरकल्या नव्हत्या.

"त्या कालेजाचं नाव काढू नका माह्यापुढं," रामीबाई दारातूनच म्हणाल्या. "अपमान केला त्याईनं माह्या."

"कोणी?"

"त्या पोरानं! ऋषिकेशनं! तांड्यात लगन असो, जलम असो, पयलं कुंकू नायकाच्या घरचं. हे लेकराले बी ठाऊक हाय. आन यानं स्टेजवर पयली कोन बोलावली? कालची सून! मले तिसऱ्या नंबरले शाल देली. तिसऱ्या! मी तशीच घरी आली. जेवली बी नाही."

"माय, शांत व्हा. तुमच्या मागून कोण गेलं?"

"कोन म्हनजे? हे हिरी. ते चौथी."

वर्षाराणींनी पुस्तक पुन्हा उघडलं.

"आणि सहावी?"

"तुळसा. शीला नव्हती ना आली."

५. लाउडस्पीकर

समितीची तातडीची बैठक संशोधन केंद्रात भरली. काळबांडे, ऋषिकेश, बबलू होते. मुकादम वीरेंद्र आडे बोलावल्याशिवाय आला होता आणि सर्वांत आरामात तोच बसला होता. दाराजवळ हिरीबाई, रामधन आणि साऱ्या जगावर रुसलेल्या रामीबाई. कचोरी होती, पण कोणी हात लावला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

"चोर सापडला?" काळबांडे यांनी बबलूकडे पाहत विचारलं.

"चोरी झालेली नाही," वर्षाराणी म्हणाल्या. "फाइल कोणीही उघडलेली नाही. फाइलमधून नावं गेली असती तर सातही बरोबर गेली असती. मुकादमांनी सहावी चुकीची धरली. त्यांनी धरलेली बाई सातवी आहे. म्हणजे त्यांना नावं अशा ठिकाणी मिळाली, जिथं खरी सहावी हजर नव्हती आणि सातवी एक जागा पुढं सरकली होती."

"पण असं ठिकाण..." काळबांडे म्हणाले.

"तुमच्या भिंतीवर फोटो आहे त्याचा."

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. फोटोत रामीबाई शाल घेत होत्या आणि त्यांचा चेहरा फौजदारी होता.

"तांड्यात पहिला मान नायकाच्या घराचा असतो. त्या दिवशी रामीबाई तिसऱ्या बोलावल्या गेल्या. वयानं नाही, मानानं नाही, आडनावानंही नाही. मग तो क्रम आला कुठून? ऋषिकेश, माइकवर तू होतास."

ऋषिकेश उभा राहिला. "मॅडम, हातात कागदही नव्हता. मला त्या तशाच पाठ आहेत. दोन वर्षं त्यांची रेकॉर्डिंग त्याच क्रमानं ऐकली. पहिली, दुसरी... मी फक्त नावं घेतली. क्रमांक नाही घेतला." तो खाली बसला. "तोंडाला क्रमच तो आला."

"आणि पहिल्या रांगेत, भेट मिळालेलं पुस्तक उघडून, कोण बसलं होतं?"

मुकादम हसला. "मी होतो ना. लपलो होतो का? बायकाईले आनाले गाडी माह्यी, म्हून सायबाईनं खुर्ची देली, पुस्तक देलं. इकडं पोरगं नावं पुकारून राह्यलं, तिकडं पुस्तकात नंबर. मी रोज पहाटे अंधारात कोयते मोजतो, बाई. चौथं कोन उठलं हे ध्यानात ठेवाले मले कंप्युटर लागत नाही."

काळबांडे यांना अजून कायद्याची आशा होती. "पण आपण नाव कुठंही छापलेलं नाही. छापलेलं नाही, हे लक्षात घ्या."

"वचन छापायचं नाही असं नव्हतं, सर. कळू द्यायचं नाही असं होतं. लाउडस्पीकर त्यात बसतो." वर्षाराणींनी चष्मा काढला. "ज्यांचं नाव जिवापाड लपवायचं, त्यांना आपण गाडी पाठवून आणलं, स्टेजवर चढवलं, नाव पुकारलं, शाल दिली आणि फोटो काढला. समितीनं समोर बसून टाळ्या वाजवल्या."

"सहकार्य करणाऱ्याचा सत्कार करायचा नाही?" काळबांडे खरोखर दुखावले. "लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न समितीनं इतिवृत्तात लिहून घेतला. ती सर्वांनाच पडलेली अडचण होती.

६. स्टॅम्पपेपर कोणाचा

मुकादम उठला. त्यानं स्टॅम्पपेपर टेबलावर ठेवला. "झालं ना समद्याईचं? मले काय, कोनी का सांगंना. हिरीबाई, कर सही. नाही तं घरी बस."

काळबांडे घाईनं म्हणाले, "हिरीबाई, मी पुढच्या आवृत्तीत 'हे कथन काल्पनिक आहे' अशी तळटीप टाकतो. तुमच्यावर काहीच येणार नाही."

हिरीबाई टेबलापाशी आली. पण तिनं स्टॅम्पपेपर नाही, पुस्तक उचललं. ती सातवी शिकलेली होती आणि गेले काही दिवस तिनं हे पुस्तक, पुस्तकाच्या लेखकापेक्षा जास्त वाचलं होतं.

"साहेब, हे मांगच्या पानावर नावं कोनाची हाय?"

"ते संदर्भ. ज्यांचे विचार घेतले, त्यांची नावं द्यावी लागतात. नाही दिली तर ती चोरी होते."

"हा पुन्याचा मानूस. यानं काय सांगतलं?"

काळबांडे यांनी पाहिलं. "त्यांनी... ऊसतोड हे कष्टाचं काम आहे असं म्हटलंय."

"एवढंच?"

"हो, पण साधार."

"तो एक ओळ बोलला, तं त्याचं नाव, आडनाव, साल, पान. मी चार पानं बोलली, तं मी नंबर चार." हिरीबाईचा आवाज चढला नाही. "मी नाव लपवा म्हनलं, कारन मले भेव होतं. ते भेव तुमी माइकवर वाटून टाकलं. आता लपवाले काय राह्यलं? आता टाका नाव."

"हिरे, घरी बोलू," रामधन म्हणाला.

"घरीच बोलली असती तं इथी यायचं काम नव्हतं." मग ती ऋषिकेशकडे वळली. "बाकी कोनाचं मनानं टाकू नको. तुळसाले इचार. रामीमायले इचार. ज्याईले नाही पाह्यजे त्याईचं मरेपर्यंत दाबून ठेव. माह्यं टाक."

"आन ज्याईले पाह्यजे त्याईचं पयल्या नंबरले टाक," रामीबाई दारातून म्हणाल्या.

मुकादमानं स्टॅम्पपेपरवर बोट आपटलं. "हे कोनी विकत आनलं, ठाऊक हाय ना?"

"आणला तुम्ही," वर्षाराणी म्हणाल्या. त्यांनी कागद उलटून मागची नोंद पाहिली. "पण घेतला हिरीबाई रामधन राठोड यांच्या नावानं. म्हणजे कागद त्यांचा. त्यावर काय लिहायचं ते त्या ठरवतील. सांगा, हिरीबाई."

"लिहा. पान सत्तेचाळीसवरचं बोलनं माह्यं हाय. खरं हाय. खाडा वीरेंद्र आडेनं लावला. माह्या नावानं छापा."

"माह्यंही नाव?" मुकादम म्हणाला.

"तुमचं बी," हिरीबाई म्हणाली. "नाही तं चोरी होते म्हनतात साहेब."

बबलू हसला आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. वर्षाराणी लिहीत होत्या.

"पाह्य हिरीबाई," मुकादम म्हणाला, "यंदा तुमचा कोयता..."

"कोयता माह्या घरचा हाय. धार बी मीच लावते." तिनं सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याचं, आडनाव, वळणदार. "वकीलबाई, याची एक नक्कल कामगार हापिसात देजा."

समितीनं डॉ. काळबांडे यांना लेखी समज दिली. डॉ. काळबांडे हेच समितीचे सचिव असल्यामुळे ती त्यांनीच टाइप करून घेतली. ऋषिकेशनं माफी मागितली, आणि ती एकट्यानं, तांड्यावर जाऊन मागितली, तेव्हा हिरीबाईनं त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर त्याचं नाव आणि पान सत्तेचाळीसवर 'महिला क्र. ४' ऐवजी 'हिरीबाई रामधन राठोड' असं छापण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. काळबांडे यांनीही हात वर केला.

दसरा गेला. कोणत्याच मुकादमानं रामधनला विचारलं नाही. तो रोज संध्याकाळी बायकोकडे पाहायचा आणि ती कोयत्याला धार लावायची. मग दिवाळीच्या तोंडावर बऱ्याच जोड्या कर्नाटकात निघून गेल्या आणि वीरेंद्र आडेच्या टोळीत कोयते कमी पडले. तो तांड्यावर आला. हिरीबाईनं त्याला बस म्हटलं नाही.

"खाडा लावसान?" तिनं विचारलं.

"आजारपनाचा नाही लावनार," तो म्हणाला.

"चारचौघात सांगा."

त्यानं सांगितलं. ती दोघं गेली, कारण ऊस तोडायचाच होता.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. पहिलीच्या प्रती संपलेल्या नाहीत.